वाघळाच्या नाकातला डॉप्लर

वटवाघूळ तोंडाने खातं आणि तोंडानेच घाण करतं, हे नाशिकमध्ये मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलंय. खरं म्हणजे फळखाऊ वटवाघूळ लगदा चघळून रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं. झाडाखाली पडलेल्या त्या गोळ्यांवरूनच हा समज पसरला असावा. घाण करायची वेळ आली की ते अंगठ्याच्या नखांनी फांदी धरतं, सरळ होतं आणि मग उरकतं! बाकी ते तुमच्याआमच्यासारखंच सस्तन. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या साधारण दर पाच जातींत एक वटवाघळाची आहे.

ही मोठी फळखाऊ मंडळी डोळे आणि नाकावर भागवतात. किडे खाणाऱ्या लहान वाघळांचं काम मात्र आवाजावर चालतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण त्यातली एक करामत शाळेत कोणी सांगत नाही.

सह्याद्रीतल्या काही वाघळांच्या नाकाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची कातडीची घडी असते. ती आवाज नाकातून काढतात आणि तोही जवळजवळ एकाच सुरात, समजा ८० किलोहर्ट्झ. माणसाचा कान २० च्या पुढे ऐकत नाही. या वाघळांच्या आतल्या कानाचा बराच भाग या ८० च्या आसपासच्या एका अरुंद पट्टीसाठी राखून ठेवलेला असतो; तिथे सुरातला बारीकसा फरकही त्यांना कळतो.

आता अडचण बघा. नाशिकरोडला न थांबणारी गाडी जवळ येताना तिची शिटी चढी ऐकू येते, पुढे गेल्यावर उतरते. हाच डॉप्लर परिणाम. वाघूळ तर स्वतःच उडतंय. सेकंदाला ५ मीटर वेगाने ते भिंतीकडे निघालं, तर आवाज जाताना एकदा आणि परतताना पुन्हा चढतो. ८० चे सुमारे ८२.४ होतात आणि प्रतिध्वनी राखीव पट्टीच्या बाहेर पडतो. म्हणून वाघूळ ओरडतानाच सूर ७७.७ पर्यंत खाली आणतं. प्रतिध्वनी बरोब्बर ८० वर येतो. वेग बदलला की ही दुरुस्तीही उडता उडता बदलते. जर्मन शास्त्रज्ञ हान्स-उलरिश श्निट्झलर यांनी हे १९६० च्या दशकात दाखवून दिलं.

यात आणखी एक फायदा आहे. ७७.७ ला कान तितका तिखट नसतो, त्यामुळे स्वतःच्या आरड्यात प्रतिध्वनी बुडत नाही. आणि पतंगाचा फडफडणारा पंख एकदा जवळ येतो, एकदा लांब जातो, तसा ८० च्या आजूबाजूला सूर थरथरतो. पानांच्या गर्दीतून भक्ष्य असं वेगळं निघतं.

एवढ्या यंत्रणेचा प्राणी आपण दम्यावर औषध म्हणून मारतो. त्या मांसाने दमा जात नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडली, ही २०२१ मधली बातमी खरी होती. वाहिन्यांनी त्यावर घातलेला धिंगाणा अनाठायी होता. प्रतिपिंडं म्हणजे साथ नव्हे. उष्टं फळ खाऊ नका, गुहेत जाऊन त्यांना छेडू नका, पुरे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना, एखाददुसरा अपवाद सोडून, उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. उंदीर वर्षात कितीदा तरी वितो, या मोठ्या वटवाघळाला मात्र वर्षाला एकच पिल्लू, त्यामुळे एका वडावरची वसाहत उठवली तर ती भरून यायला फार वेळ लागतो. मोहाच्या परागीभवनात या वटवाघळांचा हात आहे, आणि पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत मोहाची किंमत काय, हे सांगायला नको.

द्राक्षबागायतदाराचं नुकसान होतं, तेही खोटं नाही. जाळी लावायचीच तर बारीक विणीची लावावी आणि ताणून बांधावी. सैल नायलॉनमध्ये पंख गुरफटून वाघूळ मरतं, आणि जाळीही फाटते.