धुळीच्या नावावर

सोलापुरात कुणाला सटासट शिंका आल्या की निदान ठरलेलं: "धुळीची ॲलर्जी हाय बे, दुसरं काय!" धूळ आहेच म्हणा. कोरडी हवा, काळी माती आणि कायम कुठला तरी उकरलेला रस्ता. पण माती बारा महिने उडते आणि शिंका मात्र अनेकांना ठरावीक महिन्यांतच धरतात. या धुळीत हंगामी पाहुणे मिसळलेले असतात: परागकण आणि बुरशीचे बीजाणू, म्हणजे बुरशीच्या बियाच म्हणा ना.

गवताचा परागकण साधारण 30 ते 40 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मा. तो बहुधा नाकातच अडकतो. मग नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. ॲस्परजिलस या बुरशीचा बीजाणू 2 ते 3 मायक्रॉनचा. त्याला नाकाचं फाटक अडवू शकत नाही, तो थेट फुप्फुसात उतरतो.

हवेतले हे कण मोजायचे कसे? मराठवाडा विद्यापीठातले डॉ. एस. टी. टिळक यांच्या नावानं ओळखलं जाणारं 'टिळक एअर सॅम्पलर' त्यासाठीच बनलं. यंत्र हवा आत ओढतं, ती सावकाश फिरणाऱ्या चिकट पट्टीवर आदळते आणि कण तिथंच बसतात. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून मोजण्याचं.

आपल्याकडचं वेळापत्रक पावसावर बेतलेलं आहे. सर पडली की हवेतले परागकण धुऊन निघतात, पण बुरशीचं तेव्हाच फावतं. काही बुरश्या तर ओल मिळाल्याशिवाय बीजाणू उडवतच नाहीत. उलट आल्टर्नेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या बुरश्यांचे बीजाणू उघडीप पडून ऊन-वारा आला की उडतात. चार दिवस झड आणि मग लख्ख ऊन, अशा वेळी दमेकऱ्यांनी जपलेलं बरं.

पर्जन्यछायेतल्या सोलापूरला खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात मिळतो. त्यामुळे गवतं दसऱ्याच्या आगेमागे फुलोऱ्यात असतात. त्यांच्या जोडीला गाजर गवत. हे तण 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. आता मोकळा प्लॉट दिसला की तिथं हेच. शिंका तर येतातच, पण हातानं उपटणाऱ्यांच्या अंगाला खाजही सुटते.

मग शाळू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ही ज्वारी डिसेंबरच्या सुमारास फुलते आणि पराग मुख्यतः पहाटेपासून सकाळपर्यंत सोडते. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत हुरडा सुरू झालेला असतो, म्हणजे परागाचं काम उरकलेलं. मात्र शाळूची गोष्ट तिथं संपत नाही. कणसाला काणी लागली असेल तर मळणीत तिची काळी भुकटी उडते. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणूच. ओला कडबा रचला तर गंजीत बुरशी वाढते आणि पेंढी उपसणाऱ्याचा घसा धरतो. गावाकडचे याला 'कडब्याची धूळ' म्हणतात. पुन्हा धूळच!

फेब्रुवारी-मार्चात पाळी झाडांची. वावळासारखी झाडं पराग वाऱ्यावर सोडतात. गुलमोहर मात्र फुकटचा बदनाम. डोळ्यांत भरणारं फूल किडा-पाखरांसाठी असतं, त्याचे परागकण जड आणि चिकट, वाऱ्यावर फारसे जात नाहीत. त्रास देणारी फुलं बहुधा कुणाच्या नजरेतही भरत नाहीत.

हौस असेल तर काचेच्या पट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर लावून ती दिवसभर गच्चीवर ठेवा आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गुळगुळीत गोल, एकच भोक असलेला कण दिसला तर तो गवताचा किंवा ज्वारीचा. दोघं एकाच कुळातले. अंगभर काटे असतील तर गाजर गवताच्या घराण्यातला. तपकिरी गदेसारखा, आत आडव्या-उभ्या भिंती असलेला दिसला की आल्टर्नेरिया. आणि आकार ना उकार असे खडे दिसतील, ती आपली खरी धूळ.