क्लिक व्यंजनं: काढायला सोपी, भाषेत दुर्मीळ

हळहळताना जिभेने केलेलं ‘च्च् च्च्’ सगळ्यांनाच जमतं. पण हाच आवाज ‘क’ किंवा ‘त’सारखा शब्दात बसवणाऱ्या भाषा मोजक्याच, आणि जवळपास सगळ्या आफ्रिकेच्या दक्षिण व पूर्व भागात. या ध्वनींना क्लिक म्हणतात. उच्चार अवघड म्हणून ते दुर्मीळ, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं नाही. तान्ही मुलंही ते खेळता खेळता काढतात.

बहुतेक व्यंजनांना फुप्फुसातली हवा लागते, क्लिकला ती लागत नाही. जिभेची मागची बाजू ‘क’च्या जागी टेकते आणि त्याच वेळी पुढे दुसरा अडसर पडतो: दातांशी, दंतमुळांशी (वरच्या दातांमागच्या हिरडीशी), टाळूला किंवा ओठांवर. मग जिभेचा मधला भाग खाली खेचला की आतली पोकळी वाढते आणि हवेचा दाब घटतो. पुढचा अडसर सुटताच बाहेरची हवा आत घुसते. दातांमागे सुटला तर आपला ‘च्च्’, दंतमुळांमागे झटक्यात सुटला तर बाटलीचं बूच उडाल्यासारखा ‘टॉक्’, कडेने सुटला तर पार्श्विक क्लिक. ओठांचा क्लिक सर्वांत विरळा; तो बोट्स्वानातल्या ताआसारख्या थोड्या भाषांत टिकून आहे.

फुप्फुसं मोकळी राहिल्याने एक गंमत होते. ‘ङ’ लांबवत ठेवा आणि तो न तोडता ‘च्च्’ करा. नाकातला गुंजारव चालूच राहतो. हा झाला अनुनासिक क्लिक. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत एकाच दंत्य क्लिकचे साधा, महाप्राण, घोष आणि अनुनासिक असे वेगळे वर्ण आहेत. क-ख-ग-ङ शिकलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल.

खोसा आणि झुलू या बांटू या मोठ्या आफ्रिकी भाषाकुळातल्या भाषा, आणि मूळ बांटूत क्लिक नव्हते. बांटू भाषक दक्षिणेकडे सरकत गेले तेव्हा त्यांचा तिथल्या खोइखोई आणि सान या क्लिक भाषा बोलणाऱ्या लोकांशी संबंध आला, सोयरिकी झाल्या आणि शब्दांबरोबर ध्वनीही आले. पण शब्द उसने घेतले म्हणून अनोळखी व्यंजन घरच्या शब्दांत शिरतंच असं नाही. इथे अभ्यासक ‘ह्लोनिफा’ या प्रथेकडे बोट दाखवतात. सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावातली अक्षरं विवाहित स्त्रीने उच्चारायची नाहीत, मग रोजच्या शब्दातलं एखादं व्यंजन बदलावं लागे. त्या जागी क्लिक सोयीचा पडला, असा हा तर्क आहे, आणि मला तो बराच सयुक्तिक वाटतो.

टांझानियातल्या हाद्झा आणि सांदावे या भाषांतही क्लिक आहेत. त्यावरून या दोन्हींना दक्षिणेतल्या खोइखोई आणि सान भाषांबरोबर ‘खोइसान’ या एकाच कुळात घालण्याची पद्धत दीर्घकाळ होती. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. क्लिक ही आदिमानवाच्या बोलीची खूण, हा दावाही मला घाईचा वाटतो. आफ्रिकेबाहेरचं उदाहरण एकच, ऑस्ट्रेलियातल्या मॉर्निंग्टन बेटावरची दामिन. तीही लार्दिल लोकांची दीक्षा घेतलेल्या पुरुषांपुरती विधीची भाषा होती, रोजच्या बोलण्याची नव्हे.

लिहिण्याचा घोळ वेगळाच. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी खोसासाठी रोमन लिपीतली सी, क्यू, एक्स ही अक्षरं क्लिकांना दिली. जर्मन विद्वान लेप्सियस यांनी 1850च्या दशकात उभ्या रेघांवर आधारलेली चिन्हं सुचवली. कुठल्याही भाषेचे उच्चार लिहिण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीने मात्र आपली वेगळी, उलटी अक्षरं काढली. प्रत्यक्ष काम करणारे बरेच अभ्यासक रेघाच वापरत राहिले, आणि अखेर 1989 मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या परिषदेत ध्वनिलिपीनेच माघार घेऊन रेघा स्वीकारल्या.

उलटा प्रवासही झालेला आहे. कालाहारी वाळवंटाच्या पूर्वेकडच्या काही खोए भाषांत (खोइखोईंच्या भाषेच्या कुळातल्या) क्लिक गळत चालले आहेत. दंतमुळांमागचा ‘टॉक्’ आधी जातो, आणि पुष्कळदा त्याच्या जागी मागचा अडसर तेवढा शिल्लक राहून साधा ‘क’ ऐकू येतो.