ब्रॉडहेड डावीकडे जातोय? साइटला हात लावू नका

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या गप्पांत एकच तक्रार फिरू लागते. उन्हाळाभर फील्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) लावून सराव झाला, तीस यार्डांवर बाणाला बाण चिकटत होते. हरणाचा हंगाम तोंडावर आला म्हणून ब्रॉडहेड (शिकारीची पातीदार टोकं) चढवले, तर तिन्ही बाण चार इंच डावीकडे. त्यावर पाच मिनिटांत कुणीतरी सांगतो, ‘साइट जरा डावीकडे घे, झालं काम.’ (साइट म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन.) असं सांगणारे लोक बऱ्याचदा उत्तम नेमबाज असतात, म्हणून तर हा सल्ला टिकून राहिलाय.

साइट लावणं आणि धनुष्य ट्यून करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींत स्क्रू फिरवायचे असतात, दोन्हींत बाण डावी-उजवीकडे सरकतो, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरं करून मोकळे होतात.

साइटबद्दल फार सांगत बसत नाही, ती सगळ्यांना येते. बाण डावीकडे लागत असतील तर साइटची पिन (नेमाचा ठिपका) डावीकडे, वर लागत असतील तर पिन वर. पिनने बाणाचा पाठलाग करायचा. वीस, तीस, चाळीस यार्डांच्या पिना लावून झाल्या की विषय संपला. कंपाउंड (टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य) हातात घेतलेल्या कुणालाही हे दुसऱ्या दिवशी जमतं.

ट्यूनिंग म्हणजे दोरी सुटल्यावर बाण धनुष्यातून सरळ बाहेर पडतोय का, हे बघणं. बाणाचं टोक आणि शेपूट एकाच रेषेत पुढे जातंय, की टोक एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे असा तिरका निघतोय? साइटचा याच्याशी काडीचा संबंध नाही, कारण साइट बाणाला कुठे शिवतच नाही. तुम्ही नेम कुठे धरता एवढंच ती बदलते. बाणाला शिवणाऱ्या गोष्टी म्हणजे रेस्ट (बाण ज्यावर टेकतो तो आधार), दोरी, दोरीला ओढणारे कॅम आणि धनुष्य धरणारा तुमचा हात.

आता खरी गोम. फील्ड पॉइंट गुळगुळीत असतो. बाण थोडा तिरका निघाला तरी मागची पिसं त्याला काही यार्डांत सरळ करतात, आणि तो बऱ्यापैकी जिथे जायचा तिथे जातो. ब्रॉडहेडला पुढे पाती असतात. बाण तिरका निघाला की ती पाती हवा पकडतात आणि टोक ज्या दिशेला वळलेलं असेल तिकडे बाणाला खेचून नेतात. मागची पिसं एकीकडे, पुढची पाती दुसरीकडे, अशी ओढाताण पूर्ण अंतरभर चालू राहते. म्हणजे उन्हाळाभर तुमचा बाण तिरकाच निघत होता. फील्ड पॉइंट ते झाकत होता आणि ब्रॉडहेडने ते उघडं पाडलं. गाडीचं अलाइनमेंट गेलंय म्हणून स्टिअरिंग वाकडं धरून चालवावी, तसं हे साइट हलवणं आहे. गाडी रस्त्यावर राहते, पण चाकं वाकडी ती वाकडीच.

साइट चार इंच सरकवली तर काय होईल बघा. ब्रॉडहेड मध्यावर येतील आणि फील्ड पॉइंट चार इंच उजवीकडे जातील. दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहील, कारण साइट सगळ्या बाणांना सारखंच सरकवते. शिवाय तीस यार्डांवर जुळवलेलं चाळीसवर जुळेलच असं नाही, कारण पाती बाणाला जितका जास्त वेळ खेचतील तितका तो अधिक भरकटतो. त्यात वारा आला तर विचारूच नका.

ट्यूनिंगमध्ये बघायचं असतं ते याच दोघांमधलं अंतर. लोक अडखळतात ते इथे. साइट लावताना तुम्ही बाण कुठे लागला ते *मध्यबिंदूच्या* तुलनेत बघता. ट्यूनिंग करताना मध्यबिंदू विसरायचा. ब्रॉडहेड कुठे लागला ते *फील्ड पॉइंटच्या* तुलनेत बघायचं. दोन्ही प्रकारचे बाण मध्यापासून सहा इंच दूर पण एकमेकांच्या शेजारी लागले, तर धनुष्य ट्यून झालेलं आहे. फील्ड पॉइंट नेमका मध्यात आणि ब्रॉडहेड तीन इंच बाजूला, तर ते ट्यून झालेलं नाही, मग मध्यातल्या बाणाचे कितीही फोटो काढा.

दिशाही उलटी असते, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पिन बाणाच्या मागे जाते. रेस्ट मात्र ब्रॉडहेडला जिकडे न्यायचं तिकडे हलवायची. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे असेल तर रेस्ट उजवीकडे. ब्रॉडहेड खाली लागत असेल तर रेस्ट वर. वर लागत असेल तर रेस्ट खाली. डावखुऱ्यांनाही हाच नियम, त्यात फरक नाही. साइटची सवय हातात इतकी मुरलेली असते की ‘डावीकडे जातोय म्हणजे डावीकडेच फिरवायचं’ असं आपोआप घडतं, अंतर दुप्पट होतं आणि माणूस धनुष्याला शिव्या देत दुकानात जातो.

रेस्ट किती हलवायची? एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, जमलं तर चौसष्टावा. यापेक्षा जास्त हलवणाऱ्यांना नंतर आपण कुठून निघालो होतो हेच सापडत नाही. आधी पेन्सिलची खूण करा. रेस्ट हलवली की फील्ड पॉइंटही थोडे सरकतात, ब्रॉडहेड जास्त सरकतात. दोन्ही एका जागी आले की ती जागा बहुधा मध्यबिंदूवर नसते. आता साइटला हात लावा, आधी नाही. एवढ्या एका क्रमाने सप्टेंबरातली बहुतेक भांडणं मिटतील.

वीस यार्डांवर सुरू करा, तिथे जमलं की तीस, मग चाळीस. थेट चाळीसवर सुरुवात केली तर स्वतःची चूक आणि धनुष्याची चूक वेगळी काढता येत नाही. दरवेळी ब्रॉडहेड आधी मारा आणि फील्ड पॉइंट नंतर, नाहीतर पाती शेजारच्या बाणांची पिसं कापतात. वारा पडलेला असताना मारा. दोन्ही प्रकारचे किमान तीन-तीन बाण मारा. एका बाणावरून निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

तीन का, तर ब्रॉडहेडचा ग्रुप होतोय का हे आधी कळायला हवं. तिन्ही ब्रॉडहेड एकत्र पण फील्ड पॉइंटपासून दूर लागत असतील, तर ते ट्यूनिंगचं काम. एक डावीकडे, एक वर, एक भलतीकडेच, असं असेल तर रेस्ट हलवून काहीही होणार नाही. तो बाणांचा दोष आहे. बाण टेबलावर गरागरा फिरवून टोक डगमगतंय का ते बघा. पिसं रेस्टला किंवा केबलला घासतायत का, ते बाणाच्या मागच्या भागावर पावडरचा फवारा मारून एक बाण सोडला की डागांवरून दिसतं. आणि फील्ड पॉइंट १०० ग्रेन वजनाचा आणि ब्रॉडहेड १२५ ग्रेनचा लावून ‘फरक का पडतोय?’ विचारणाऱ्यांनी आधी पाकीट वाचावं.

कागदावरचं ट्यूनिंग, म्हणजे सहा-आठ फुटांवर ताणून लावलेल्या कागदातून बाण सोडून फाट बघणं, हे काम सुरू करायला उत्तम. शेपूट टोकाच्या मागे सरळ असेल तर गोल भोक आणि पिसांच्या तीन रेघा दिसतात. पण कागद त्या क्षणाचा एक फोटो दाखवतो, इतकंच. शेपूट वर असेल तर रेस्ट वर घ्यावी, नाहीतर नॉक (बाण दोरीला अडकतो ती जागा) खाली. हे सरळ आहे. डाव्या-उजव्या फाटेबद्दल मात्र जितके लोक तितके नियम, कारण त्यात बाणाचा ताठपणा, पकड आणि कॅम सगळं मिसळतं. त्यामुळे कागदावर गोल भोक आलं म्हणून फोटो टाकून हात झटकणाऱ्या दुकानांवर माझा विश्वास नाही. शेवटचा शब्द ब्रॉडहेडचा.

रेस्टलाही मर्यादा आहे. बहुतेक कंपाउंडमध्ये रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या दांड्यापासून) बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर १३/१६ इंचाच्या आसपास ठेवायला सांगतात. ब्रॉडहेड जुळवण्यासाठी रेस्ट तिथून आठवा भाग इंच किंवा त्याहून जास्त दूर न्यावी लागत असेल, तर रेस्टचा दोष नाही. दोरी मुळात वाकड्या रेषेत धावतेय, आणि मग कॅमकडे बघायचं. कॅम ॲक्सलवर जरा बाजूला सरकवायचे किंवा यो‌कच्या, म्हणजे ॲक्सलच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या, दोऱ्यांना पीळ द्यायचा. दिशा रेस्टच्या उलट: रेस्ट उजवीकडे नेऊन जे साधतं ते कॅम डावीकडे नेऊन साधतं.

इथे ब्रँडवाले जमा होतात. गेल्या काही वर्षांत हे काम सोपं करण्याची चढाओढ लागली आहे. बोटेकने २०२० च्या मॉडेलपासून डेडलॉक आणलं, म्हणजे एक स्क्रू सैल करून कॅम डावी-उजवीकडे सरकवायचा आणि पुन्हा आवळायचा. एलिटच्या सेट प्रणालीत लिंबच्या (धनुष्याच्या लवचीक भुजांच्या) खोबणीचा कोन बदलता येतो. मॅथ्यूजमध्ये अनेक वर्षं वेगवेगळ्या जाडीच्या टॉप हॅट (कॅमच्या बाजूच्या चकत्या) बदलाव्या लागत, त्यासाठी बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) हवाच. २०२५ च्या लिफ्ट एक्सपासून त्यांनीही प्रेसशिवाय लिंब सरकवायची सोय दिली. घरी प्रेस नसलेल्या माणसाला या सोयी खरंच उपयोगी आहेत, मीही निवडताना त्याकडे बघेन. पण ‘माझ्या धनुष्याला ट्यून करावंच लागत नाही’ हे वाक्य ऐकलं की चीड येते. प्रत्येकाचा बाण वेगळा, पकड वेगळी, खेच (दोरी ओढण्याची लांबी) वेगळी. धनुष्य कारखान्यातून तुमच्यासाठी ट्यून होऊन येऊच शकत नाही. स्क्रू सोपा झाल्याचा तोटाही झालाय: पूर्वी प्रेस काढण्याआधी लोक दहा वेळा विचार करायचे, आता पहिल्या वाकड्या फाटेला कॅम फिरवतात.

त्याआधी हात तपासा. पकड घट्ट असेल तर दोरी सुटताना हात धनुष्याला पिळतो, आणि त्या पिळानेही ब्रॉडहेड बाजूला जातात. पकड अंगठ्याच्या बुडाजवळच्या उशीवर हवी, बोटांच्या पेरांची रेष साधारण ४५ अंशात तिरकी, बोटं सैल. शंका असेल तर तेच धनुष्य, तेच बाण, जवळपास तेवढीच खेच असलेल्या दुसऱ्या माणसाला मारायला द्या. अंतर नाहीसं झालं तर स्क्रू ठेवून द्या.

बाणाचा ताठपणाही एकदा बघून घ्या. बाणावरचा ३४० किंवा ४०० हा आकडा तो किती वाकतो याचा आहे: २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्यभागी १.९४ पौंड वजन टांगलं तर तो एक इंचाच्या हजार भागांपैकी किती वाकतो, ते. म्हणजे आकडा लहान तितका बाण ताठ. ७० पौंडांचं धनुष्य, लांब खेच, पुढे जड ब्रॉडहेड आणि ५०० चा बाण ही जोडी रेस्टने सुधारत नाही, बाण बदलावे लागतात. कॅमचं टायमिंग, पीपचं (दोरीतल्या नेमाच्या छिद्राचं) फिरणं, डी-लूपची (दोरी ओढायच्या छोट्या फासाची) उंची यांबद्दल धनुष्यासोबतच्या पुस्तिकेत पुरेसं लिहिलेलं असतं. दोन्ही कॅम एकाच वेळी थांबतायत का एवढं मात्र आधी बघा, नाहीतर वर-खालच्या फरकाचा पत्ता लागणार नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या तिरंदाजांची यात जास्त फसगत होते. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाल्यापासून आपल्याकडे कंपाउंड घराघरात माहीत झालं. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही. जे आहे ते ५० मीटरवरच्या लक्ष्याचं कंपाउंड. तिथे सगळ्या बाणांना एकच टोक असतं, त्यामुळे हे दोन ग्रुप कधी शेजारी दिसतच नाहीत. तिथले चांगले प्रशिक्षक हेच काम पिसं नसलेला बाण मारून करून घेतात: पिसांचा आणि बिनपिसांचा बाण एकत्र लागला पाहिजे. ज्यांनी ते केलंय त्यांना ब्रॉडहेडचं गणित ओळखीचं वाटेल. ज्यांनी फक्त साइट फिरवली, ते पेनसिल्व्हेनियात लायसन्स काढून आले की ऑक्टोबरात अडकतात.

राहता राहिले उडताना मिटलेले आणि लागल्यावर उघडणारे मेकॅनिकल ब्रॉडहेड. ‘हे लाव, फील्ड पॉइंटसारखेच जातात, ट्यूनिंगची कटकट नको’ हा साइटवाल्यांचाच दुसरा सल्ला. ते बऱ्यापैकी जवळ लागतात, खरं आहे. पण बाण तिरका निघतोय तो निघतोच. आणि तिरका बाण हरणाला लागला की त्याची ताकद आत शिरण्याऐवजी बाजूला वाकण्यात खर्च होते. मेकॅनिकल वापरायचे तर जरूर वापरा, पण स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड चाळीस यार्डांवर फील्ड पॉइंटच्या शेजारी लागल्यानंतर.

आणि हे काम जुलैत करा. नवी दोरी बसवली तर शंभरेक बाण सोडून ती बसू द्या, मग पुन्हा कागदापासून सुरू करा. रेस्टची खूण जुन्या जागीच जुळेल असं धरून चालू नका.