कंपाऊंड वॉल उंच करून पूर थांबतो का?

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं बंद होतात आणि "खडकवासल्यातून किती सोडलंय?" सुरू होतं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, नदीपासून दोन गल्ल्या आत. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत बोटी फिरल्या, लष्कर बोलवावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्याकडं तेवढं नव्हतं, पण पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं आणि माझी गाडी त्यानंतर कधीच नीट चालली नाही. त्या दिवशी खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्यूसेकच्या घरात गेला होता. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे ३५ हजार क्यूसेक झाले सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडं येतो तो १० हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा, असे शंभर टँकर दर सेकंदाला नदीत ओततायत. आणि मे महिन्यात याच सोसायटीत एका टँकरवरून हमरीतुमरी होते, असो.

पुरानंतर मीटिंग झाली. ठराव एकच, कंपाऊंड वॉल तीन फूट उंच करायची. सगळे हात वर. मी फक्त एवढंच विचारलं की पाणी भिंतीवरून कुठं आलं होतं? आठवून बघा, रात्री आधी चेंबरचं झाकण उडालं, मग ड्रेनेजच्या जाळीतून पाणी वर आलं. भिंतीला तर पाणी बाहेरून लागायच्या आधीच आतून लागलं होतं. नदी वर चढली की पावसाळी लाइनमधलं पाणी नदीत जात नाही, उलट नदीच पाइपातून आपल्याकडं येते. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मग काय करायचं म्हणतोस?" तेव्हा उत्तर नव्हतं, पण त्या आठवड्यात मी न्यू ऑर्लिन्सबद्दल वाचत बसलो, कारण आमच्या चेंबरमध्ये जे झालं तेच तिथं एका अख्ख्या शहराचं झालं होतं.

न्यू ऑर्लिन्स म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला, एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचं अवाढव्य निमखारं सरोवर, आणि मधे वाटीसारखं शहर. १७१८ मध्ये फ्रेंचांनी ते वसवलं ते मात्र वाटीत नव्हतं, वाटीच्या काठावर होतं. आपल्याला वाटतं नदीजवळ म्हणजे सखल, पण मिसिसिपीसारख्या गाळाच्या नदीचं उलटं असतं. पूर आला की नदी काठाबाहेर पडते, वेग एकदम कमी होतो आणि जड वाळू तिथल्या तिथं बसते, बारीक चिखल लांब जातो. हजारो वर्षं हे झालं की नदीचा काठच सगळ्यात उंच जागा होतो. जुनं फ्रेंच क्वार्टर या काठावर आहे, आणि २००५ मध्ये बाकीचं शहर बुडालं तेव्हा तो भाग बऱ्यापैकी कोरडा राहिला. तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांकडं कॉम्प्युटर मॉडेल नव्हतं, पण कुठं चिखल होतो ते दिसत होतं.

काठ आणि सरोवर यांच्या मधली सगळी जागा दलदल होती. १९१३ च्या सुमाराला बाल्डविन वुड नावाच्या इंजिनिअरनं जबरदस्त मोठे स्क्रू पंप बनवले, दलदल उपसली आणि शहर वाटीत उतरलं. इथं खरी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. दलदलीची माती म्हणजे अर्धी माती आणि अर्धा कुजायचा राहिलेला पालापाचोळा, पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून तो टिकून असतो. पाणी काढलं की हवा शिरते, जंतू तो पाला खाऊन टाकतात, माती आकसते आणि जमीन खाली जाते. जमीन खाली गेली की पावसाचं पाणी जास्त साचतं, मग अजून पंप, मग जमीन अजून खाली. कोरडं ठेवायला गेले आणि शहरच खाली बसलं. आज निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही भाग तर दोन-तीन मीटर खाली.

आता खोलगट शहरात पडलेला पाऊस आपोआप कुठंच जात नाही. तो पंपानं उचलून कालव्यात टाकायचा आणि कालव्यानं सरोवरात न्यायचा. हे कालवे वस्तीतून जातात, छपराच्या उंचीनं पाणी वाहतं आणि दोन्ही बाजूंना भिंती. थोडक्यात आमच्या पावसाळी लाइनचा थोरला भाऊ, फक्त याच्या तोंडाला झाकण नव्हतं. कालव्याच्या तोंडाशी दरवाजे बसवावेत असं लष्कराच्या इंजिनिअर्सचं आधी म्हणणं होतं, कारण वादळात सरोवर चढलं तर तेच कालव्यातून शहराच्या पोटात येणार. स्थानिक मंडळांनी विरोध केला, दरवाजे बंद झाले तर आम्ही पंपाचं पाणी टाकायचं कुठं? प्रश्न चूक नव्हता. शेवटी दरवाजे बसवायचे राहूनच गेले आणि कालव्याच्या भिंती उंच केल्या. आमच्या मीटिंगमधला ठराव, फक्त कितीतरी मोठ्या बजेटचा.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना नावाचं हरिकेन आलं. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, अटलांटिकमधलं नाव वेगळं. वाऱ्यापेक्षा धोका असतो तो वाऱ्यानं ढकलत आणलेल्या समुद्राचा, किनाऱ्यावर पाणी काही मीटर चढतं. पूर्वेकडं ते मातीच्या बांधांवरून गेलं आणि बांध खरवडून निघाले. पण शहराच्या मध्यात जे झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे, कारण सतराव्या स्ट्रीटच्या कालव्याची भिंत फुटली तेव्हा पाणी भिंतीच्या माथ्यापासून चार-पाच फूट खाली होतं. म्हणजे भिंतीच्या उंचीचा काही उपयोगच झाला नाही.

का फुटली ते सांगतो. लोखंडी पत्रे जमिनीत उभे ठोकलेले, वर काँक्रीटची टोपी, अशी ती भिंत. पाणी चढलं की भिंत किंचित मागं झुकते, आणि झुकली की पाण्याच्या बाजूला भिंत आणि माती यांच्यात फट पडते. त्या फटीत पाणी शिरलं की दाब वरच्या चार फुटांवर न राहता खालपर्यंत पोचतो. पाण्याच्या दाबाचं गणित असं आहे की खोली दुप्पट झाली तर भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. दीड मीटर पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला टनभराच्या वर असतो, तीन मीटरला साडेचार टन. त्यात खालची जमीन मऊ चिकणमातीची. भिंतीमागचा बांध त्या चिकणमातीवरून सरळ घसरला, एखादं घसरगुंडीवरचं पोतं घसरावं तसा. दुसऱ्या एका कालव्यात खाली वाळू होती, तिथं पाणी भिंतीच्या पायाखालून पाझरून पलीकडं वर आलं. जून २००६ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर्सनी जाहीर मान्य केलं की आमच्या डिझाइनमध्ये चूक होती.

(हा रेट्याचा आकडा ऐकून आमच्या काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर भागात कंपाऊंड वॉल कोसळून माणसं गेली, ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही. नऊ इंची विटांची भिंत पाणी अडवायला बांधलेलीच नसते, ती मांजरं आणि फेरीवाले अडवायला असते.)

पन्नासहून जास्त ठिकाणी बांध आणि भिंती फुटल्या, ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं, वादळात एकूण तेराशेच्या वर माणसं गेली. आणि इथं अजून एक फरक लक्षात घ्या, पाणी भिंतीवरून सांडलं तर तेवढे काही तास सांडतं आणि थांबतं. भिंत फुटली तर सरोवर आणि शहर यांची पातळी एक होईपर्यंत पाणी येतच राहतं, आणि वाटीतलं पाणी आपोआप बाहेर जात नाही. सगळं उपसायला ११ ऑक्टोबर उजाडला, दीड महिना. ज्या पंपांवर शहर उभं होतं त्यातले बरेच स्वतःच बुडाले किंवा वीज गेल्यानं बंद पडले, काही पंपांवरचे ऑपरेटर तर वादळाआधीच दुसरीकडं हलवले होते.

मग जवळपास साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी व्यवस्था उभी केली. शहराच्या पूर्वेला जवळजवळ तीन किलोमीटर लांब, आठ मीटर उंच अडथळा, म्हणजे समुद्राला शहराच्या बाहेरच थांबवायचं. कालव्यांच्या तोंडाला शेवटी दरवाजे बसले, आणि दरवाजे बंद असताना पावसाचं पाणी पलीकडं फेकायला तिथंच पंप. सरळ पत्र्याच्या भिंतींऐवजी बऱ्याच ठिकाणी उलट्या टी आकाराच्या भिंती, खाली तिरपे खांब, झुकायला जागाच नाही. ऑपरेटरसाठी वादळातही टिकतील अशा खोल्या. आणि बांधांच्या आतल्या उतारावर आवरण, पाणी वरून गेलं तरी माती खरवडली जाऊ नये म्हणून. मला हे शेवटचं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण त्यात कबुली आहे की कधीतरी पाणी वरून जाणार आहे. २९ ऑगस्ट २०२१ ला, बरोबर १६ वर्षांनी त्याच तारखेला आयडा वादळ आलं, वीज गेली, छपरं उडाली, पण व्यवस्था टिकली.

तरी २०१९ मध्येच नोटीस निघाली होती की जमीन खचतेय, समुद्र चढतोय, त्यामुळं २०२३ पासूनच बांध ठरलेल्या दर्जाच्या खाली जाऊ शकतात, परत उंच करावे लागतील. हा दर्जा म्हणजे 'शंभर वर्षांतला पूर'. या शब्दानं सगळ्यांचा घोळ होतो. आमच्या ग्रुपवरही एकानं लिहिलं की आता शंभर वर्षं चिंता नाही. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे, फासा दर वर्षी नव्यानं पडतो. तीस वर्षांचं होम लोन घेतलंत तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के. आपल्याकडं निळी पूररेषा २५ वर्षांतल्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेला लागून घर असेल तर तीस वर्षांत पाणी दारात यायची शक्यता ७० टक्के निघते. हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत, रिव्हर व्ह्यू छापतात.

पण भिंतींपेक्षा अवघड प्रश्न वेगळाच होता, परत बांधायचं कुठं? जानेवारी २००६ मध्ये तिथल्या पेपरात एक नकाशा आला, सगळ्यात सखल वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके, म्हणजे इथं बागा आणि पाणी मुरायला मोकळी जागा करायचा विचार. विज्ञान म्हणून बरोबर. पण ज्याचं घर त्या ठिपक्याखाली होतं त्यानं सकाळी चहा पिताना पेपर उघडला आणि आपली गल्ली बागेत गेलेली बघितली. नुकसानभरपाई किती, जायचं कुठं, काही सांगितलेलं नाही, आणि ठिपक्यांखालच्या बऱ्याच वस्त्या काळ्या लोकांच्या. भडका उडाला, नकाशा गुंडाळला, जो तो परत आला तिथं बांधू लागला. नंतरची मदत घराच्या आधीच्या बाजारभावावर किंवा दुरुस्तीच्या खर्चावर, जे कमी असेल त्यावर धरली, मग गरीब वस्तीत सिमेंट तेवढ्याच भावाचं असून हातात पैसे कमी आले. लोअर नाइन्थ वॉर्ड नावाच्या तिथल्या वस्तीत अजून प्लॉट रिकामे आहेत. शहराची वस्ती २००० मध्ये ४ लाख ८४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ८४ हजार.

हे वाचताना मला सारखी आजी आठवत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत होती. मातीचं धरण, काम पूर्ण व्हायच्या आधीच पहिल्याच पावसाळ्यात भरलं, आतल्या नळाच्या वरचा भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली आणि सकाळी ते गेलं, पाठोपाठ खडकवासलाही. आजीच्या चुलत जावेला नंतर गोखलेनगरला घर मिळालं, नदीपासून लांब, उंचावर. लोकमान्यनगर, सहकारनगरमधल्या पूरग्रस्तांच्या सोसायट्याही त्यातूनच उभ्या राहिल्या. म्हणजे न्यू ऑर्लिन्सला जमलं नाही ते पुण्यानं त्या वर्षी बऱ्यापैकी केलं होतं, माणूस हलवला, पण घर देऊन. पुढच्या पिढीनं मात्र राडारोडा टाकून काठ भरले आणि आम्ही तिथं फ्लॅट घेतले. मीसुद्धा. पात्र अरुंद केलं की तेवढंच पाणी जायला एकतर उंच चढतं नाहीतर जोरात पळतं, दोन्ही त्रासदायक.

नेदरलँड्सनं तर उलटंच केलं. नाइमेखनजवळ त्यांनी बांध ३५० मीटर मागं नेला, पन्नासेक घरं हलवली, नदीला शेजारी दुसरं पात्र खणून दिलं. एवढ्या सगळ्याचा फायदा काय, तर पुराची पातळी ३५ सेंटीमीटरनं उतरली. ऐकायला कमी वाटतं, पण आमच्या पार्किंगमध्ये ३५ सेंटीमीटर पाणी कमी असतं तर माझं इंजिन वाचलं असतं.

सोसायटीनं शेवटी भिंतीचा ठराव बाजूला ठेवला. पावसाळी लाइनच्या तोंडाला एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवली, पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही. लगेच तोच न्यू ऑर्लिन्सचा प्रश्न आला, झडप बंद असताना आवारात पडलेला पाऊस कुठं जाणार? म्हणून पंप घेतला. पंपाची मोटर आणि स्टार्टर कुठं बसवायचा तर इलेक्ट्रिशियन म्हणाला बेसमेंटमध्ये, वायरिंग तिथंच आहे, स्वस्तात होईल. दोन तास त्यावर वाद झाला. काका पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसवा म्हणतायत, जिन्यासमोरच्या फ्लॅटवाल्या काकूंना आवाज नको आहे. पुढची मीटिंग रविवारी आहे, आणि हवामान खात्याचा यलो अलर्ट शुक्रवारपासून.