शेपटीसह जन्मलेली बाळे : पूर्वजांचा वारसा की कण्यातला दोष?

मूल शेपटी घेऊन जन्मले की कुणी मारुतीरायाचा अवतार म्हणून हात जोडतो, तर कुणी उत्क्रांतीचा पुरावा म्हणून बोट दाखवतो. या नादात बाळाचा कणा तपासायचा राहून जातो.

लोपलेला पूर्वजगुण पुन्हा उगवतो ही कल्पना, म्हणजे ॲटाविझम, 19व्या शतकात फोफावली. डार्विनने 1871 साली कानाच्या कडेवरचा टोकदार उंचवटा आणि माकडहाड यांची नाती प्राण्यांशी जोडली. पुढे इटलीत गुन्हेगारीचा अभ्यासक लोंब्रोसोने 1876 मध्ये याच कल्पनेचा भलताच वापर केला. एका कैद्याच्या कवटीतला खळगा पाहून त्याने ‘जन्मजात गुन्हेगार’ हा आदिम अवस्थेकडे परतलेला माणूस ठरवला. शास्त्राचे नाव घेऊन माणसांवर केलेला हा अन्यायच होता.

शेपटीच्या बाबतीत मात्र कल्पनेला गर्भातला आधार होता. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मानवी गर्भाला 10 ते 12 मणक्यांचे बीज असलेली शेपटी खरोखरच असते. आठव्या आठवड्यापर्यंत तिच्या पेशी मरतात, पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात आणि उरते ते माकडहाड. ते प्रत्येकाला असते, म्हणून ते अवशेषांग, ॲटाविझम नव्हे.

1984 साली डाओ आणि नेट्स्की या संशोधकांनी जुन्या नोंदी चाळून दोन गट पाडले. ‘खरी’ शेपटी मऊ असते: त्वचेखाली चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसा. ती 13 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते, हलतेही. पण तिच्यात हाड नसते, कूर्चा नसते. ‘खोटी’ शेपटी म्हणजे चरबीची गाठ, अन्य अर्बुद किंवा बाहेर आलेले लांब माकडहाड. खऱ्या शेपटीतही मणके नसतील, तर तिला वानरपूर्वजांची शेपटी म्हणणे आम्हाला पटत नाही. दुग्धरेषेवर, म्हणजे काखेपासून जांघेपर्यंतच्या ओळीवर, उगवणारे जादा स्तनाग्र हे ॲटाविझमचे त्याहून चांगले उदाहरण. अनेकदा लोक त्याला तीळच समजतात.

खरी-खोटी ही विभागणीही पुरी पडली नाही. 1998 च्या एका आढाव्यात 1960 नंतर नोंदलेल्या 59 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत मणक्यांची कमान न जुळणे किंवा मज्जारज्जू खाली अडकून राहणे असे दोष आढळले. वरून निरुपद्रवी दिसणारी शेपटीही आत जोडलेली असू शकते.

2024 मध्ये शेपटी आणि कण्यातले दोष यांच्या नात्याला जनुकीय धागा मिळाला. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी बिनशेपटीच्या वानरांच्या (एप) आणि आपल्या समान पूर्वजात, शेपटीच्या घडणीशी संबंधित टीबीएक्सटी या जनुकात ‘ॲलू’ हा डीएनएचा तुकडा घुसला. तसाच परिणाम घडवलेल्या उंदरांच्या शेपट्या आखूड झाल्या किंवा नाहीशाच झाल्या, आणि काहींमध्ये मज्जारज्जूची नळीही नीट मिटली नाही.

म्हणून शेपटी दोऱ्याने आवळून पाडणे किंवा साधी भूल देऊन कापणे धोक्याचे. आत मज्जारज्जूपर्यंत वाट असेल तर मज्जाद्रव गळते, मेंदूज्वर होतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांच्या मागच्या कमानी पुरत्या हाडाळलेल्या नसतात, त्यामुळे सोनोग्राफीतून मज्जारज्जू दिसतो. नंतर एमआरआयच लागतो. मज्जारज्जूचे टोक साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्याशी हवे. खूप खाली असेल तर मूल वाढते तसा ताण वाढतो: पाय कमकुवत होतात, पाऊल वाकडे होते, लघवीवरचा ताबा सुटतो. अशा बाळाची शस्त्रक्रिया मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यविशारदानेच करावी, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत चाल व लघवीची तपासणी चालू ठेवावी.