कळ बदलणं वेगळं, शॉर्टकट लावणं वेगळं

'व्हिममध्ये कॅप्स लॉकचं एस्केप कसं करायचं?' हा प्रश्न मी किती वेळा वाचलाय याचा हिशेब नाही. (व्हिम हा कळांवरच चालणारा टेक्स्ट एडिटर; त्यात मोड बदलायला एस्केप सतत लागते.) खाली उत्तरांची रांगही ठरलेली असते: ही ओळ टाकून बघ, नाही चालली तर ती टाकून बघ. शेवटी विचारणारा कंटाळून निघून जातो. खरं उत्तर एका ओळीचं आहे. व्हिममध्ये हे करताच येत नाही, कारण कॅप्स लॉक दाबल्याचं व्हिमला कधी कळतच नाही.

शॉर्टकट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. एडिटरमध्ये एखाद्या कळेला किंवा जोडीला काम नेमून द्यायचं: हे दाबलं की फाइल जतन, ते दाबलं की ओळ खाली सरकव. व्हीएस कोड या एडिटरमध्ये त्याची वेगळी यादी असते, व्हिममध्ये मॅपिंग असतं, ईमॅक्स या एडिटरमध्ये तर जवळपास प्रत्येक कळ कुठल्या ना कुठल्या कमांडला बांधलेली असते. यात अवघड काही नाही. घोटाळा होतो तो कळ बदलण्याशी, म्हणजे रीमॅपशी, त्याची गल्लत केल्यामुळे. सेटिंगच्या पडद्यावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात: डावीकडे कळ, उजवीकडे तिचं नवं काम. पण त्या घडतात वेगवेगळ्या ठिकाणी.

कळ दाबली की कीबोर्ड फक्त जागेचा क्रमांक पाठवतो. 'अमुक ठिकाणची कळ दाबली गेली', बस. त्या कळेवर कुठलं अक्षर छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हा क्रमांक ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो आणि तिथे चालू असलेला लेआउट, म्हणजे कुठल्या जागेला कुठलं अक्षर याचा तक्ता, त्याचं अक्षर करतो. कंट्रोल, शिफ्ट, कॅप्स लॉक यांचा हिशेबही तिथेच होतो. मग ते अक्षर समोरच्या खिडकीला मिळतं. खिडकी टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून काम करायची, असेल तर टर्मिनल त्याचे बाइट करून आतल्या प्रोग्रॅमला देतं. एडिटर या वाटेच्या अगदी शेवटी बसलेला असतो. त्याच्या हातात जे पडतं त्यालाच तो अर्थ देऊ शकतो. वाटेतच जिरलेल्या कळेला तो काही करू शकत नाही.

रीमॅप वाटेच्या सुरुवातीला होतो, शॉर्टकट शेवटाला. कॅप्स लॉक ऑपरेटिंग सिस्टीमच्या टप्प्यावर जिरतो. त्याचा परिणाम, म्हणजे मोठी अक्षरं, तेवढा पुढे जातो. म्हणून त्याचं एस्केप किंवा कंट्रोल करायचं तर ते तिथेच करावं लागतं. लिनक्सवर एक्सकेबी या कीबोर्ड-व्यवस्थेच्या पर्यायांत ते तयार मिळतं. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मॉडिफायर (कंट्रोल, शिफ्टसारख्या) कळांसाठी वेगळा पडदा आहे. विंडोजवर पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर हे काम करतो. तिन्ही ठिकाणी पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते एकदा केलं की सगळ्या प्रोग्रॅममध्ये लागू होतं. ही मागणी मुळात चूक नाही, हेही सांगायला हवं. बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज व्हीआय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर (कीबोर्ड आणि पडद्याचं जुनं यंत्र) लिहिला, त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती आणि कंट्रोल आजच्या कॅप्स लॉकच्या जागी. बोटांना सोयीच्या जागा तेव्हा होत्याच. नंतरच्या कीबोर्डांनी त्या लांब नेल्या.

यावरचा एक तोडगा मात्र मला अजिबात पटत नाही. व्हिम उघडताना बाहेरची एक्समॉडमॅप कमांड चालवून कॅप्स लॉक बदलायचा आणि व्हिम बंद होताना तो परत जागेवर आणायचा, अशा दोन ओळी सेटिंगच्या फाइलमध्ये टाकलेल्या दिसतात. दिसायला ते व्हिमचं सेटिंग, पण व्हिम उघडा असेपर्यंत बाकीच्या सगळ्या खिडक्यांतही कॅप्स लॉक बदललेला राहतो. व्हिम मध्येच मारला गेला तर परत आणणारी ओळ चालतच नाही. सगळ्या मशीनचा बदल एका प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लपवून ठेवू नका.

उलट दिशेची चूकही तितकीच होते, आणि ती मी स्वतः केली आहे. व्हिममध्ये कमांड द्यायला कोलन लागतो आणि त्यासाठी दरवेळी शिफ्ट दाबावा लागतो. म्हणून मी कोलन आणि सेमीकोलनची अदलाबदल थेट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये केली. कमांड देणं सोपं झालं. पण मी जी भाषा लिहीत होतो तिच्यात जवळपास प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमीकोलन लागतो, आणि आता त्या प्रत्येकासाठी शिफ्ट. ही अदलाबदल मला फक्त व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे जिथे कळा अक्षरं न लिहिता कमांड होतात तिथे, हवी होती. तिथे ती एका ओळीच्या मॅपिंगने होते. (मॅपिंग लिहिताना 'नोरीमॅप' जातीची कमांडच वापरा. साधं मॅप दुसऱ्या मॅपिंगमध्ये शिरतं आणि अशी अदलाबदल एकमेकांत गुंतून बसते.)

मग ठरवायचं कसं? कळ सगळीकडे बदललेली हवी असेल, किंवा ती कंट्रोल, शिफ्ट, कॅप्स लॉक अशांपैकी असेल, तर रीमॅप. एका प्रोग्रॅमपुरता किंवा त्याच्या एका मोडपुरता वेगळा अर्थ हवा असेल, तर शॉर्टकट.

टर्मिनलमध्ये काम करणाऱ्यांना मात्र एवढ्याने भागत नाही. टर्मिनलचा थर जुना आहे आणि सगळ्या कळा तो पुढे नेत नाही. कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की त्याच्या आस्की क्रमांकातून (अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यातून) 64 वजा होतात. मोठ्या 'आय'चा क्रमांक 73, वजा 64 म्हणजे 9, आणि 9 हाच टॅब. डाव्या चौकोनी कंसाचा 91, वजा 64 म्हणजे 27, तो एस्केप. 'एम'चे 77 वरून 13 होतात, तो एंटर. नेहमीच्या टर्मिनलमध्ये आतल्या प्रोग्रॅमला कंट्रोल-आय आणि टॅब यांत फरक दिसूच शकत नाही, कारण त्याच्यापर्यंत एकच बाइट पोचतो. व्हिममध्ये कंट्रोल-ओने मागच्या ठिकाणी जाता येतं आणि कंट्रोल-आयने परत पुढे. कुणीतरी हौसेने टॅबला दुसरं काम लावतो आणि आठवडाभराने म्हणतो की पुढे जाणं बंद पडलंय. ते त्यानेच बंद केलेलं असतं. कंट्रोल-शिफ्ट-अक्षर आणि नुसतं कंट्रोल-अक्षर यांचंही तेच. हा फरक कळवणारे नवे प्रोटोकॉल आहेत, किटी या टर्मिनलचा त्यांतला एक, पण टर्मिनल आणि प्रोग्रॅम दोघांनाही तो येत असेल तरच उपयोग.

कंट्रोल-एसची तक्रारही याच घरची. एडिटरमध्ये 'जतन करा' म्हणून लावलं, दाबलं, आणि पडदा गोठला. ही जोडी टर्मिनलमध्ये पूर्वीपासून आउटपुट थांबवण्यासाठी आहे आणि काही प्रोग्रॅमपर्यंत ती पोचतच नाही. कंट्रोल-क्यू दाबला की पडदा सुटतो. ती बंद करायची तर एसटीटीवाय या कमांडने तो प्रवाह-नियंत्रणाचा पर्याय काढून टाकावा लागतो. एडिटरच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी हे सापडणार नाही.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांना हाच फरक रोज भेटतो. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट चालू ठेवून व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये आलात की एच, जे, के, एल या कर्सर हलवणाऱ्या कळा प, र, क, त पाठवतात. कर्सर जागचा हलत नाही. व्हिम बिघडलेला नसतो. त्याच्या हातात पडण्याआधीच लेआउटने अक्षर बदललेलं असतं. त्यावर दोन उपाय आहेत. व्हिमच्या लँगमॅप या सेटिंगमध्ये 'प आला तर एच समज' अशी नोंद करता येते. किंवा सिस्टीमचा लेआउट इंग्रजीच ठेवून व्हिमचा कीमॅप, म्हणजे व्हिमच्या आतलाच लेआउट, वापरायचा. तो मजकूर टाइप करतानाच लागू होतो, नॉर्मल मोडच्या कमांडना हात लावत नाही. मला दुसरा आवडतो, कारण मोड बदलताना लेआउट बदलायची आठवण ठेवावी लागत नाही. व्हीएस कोडमध्ये शॉर्टकट लिहिताना अक्षराऐवजी कळेची जागा देता येते, चौकोनी कंसात. लेआउट कुठलाही असला तरी जागा तीच राहते.

प्रोग्रॅम करता येणाऱ्या कीबोर्डांत क्यूएमकेसारखं फर्मवेअर असतं, तो रीमॅपच, फक्त वाटेच्या आणखी सुरुवातीला, कीबोर्डच्याच पोटात. मशीन बदललं तरी तो सोबत येतो. एवढाच फरक.

काही चालत नसेल तर सेटिंग बदलण्याआधी कळ कुठवर पोचते ते पाहा. व्हिमच्या इन्सर्ट (मजकूर लिहिण्याच्या) मोडमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबा: जे उमटेल तेच व्हिमला मिळतंय. व्हीएस कोडमध्ये कीबोर्ड शॉर्टकटच्या समस्या शोधण्याची डेव्हलपर कमांड आहे, ती प्रत्येक कळेची नोंद दाखवते. लिनक्सवर खिडकीपर्यंत काय येतंय ते एक्सईव्ही हा प्रोग्रॅम दाखवतो, वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था असेल तर डब्ल्यूईव्ही. तिथे कळ दिसतेय आणि व्हिममध्ये नाही, तर ती टर्मिनलमध्ये अडकली आहे. तिथेही दिसत नसेल तर एडिटर बंद करा आणि सिस्टीमचं कीबोर्ड सेटिंग उघडा.