इंग्रजीच्या प्राध्यापकपदाचा अर्ज: भाषाविज्ञानवाले कुठे अडकतात

एम.ए. भाषाविज्ञानात, शिकवायचंय इंग्रजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून किंवा हैदराबादच्या इफ्लू या भाषांच्या विद्यापीठातून शिकून आलेली मुलं हमखास इथेच ठेचकाळतात. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (मागासवर्गीय व दिव्यांगांना ५० टक्के) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. हे टक्के वर ढकलून धरत नाहीत. ५४.९८ म्हणजे ५४.९८च.

खरी अडचण विषयाची. नेटमध्ये इंग्रजीचा संकेतांक ३० आणि भाषाविज्ञानाचा ३१. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत 'संबंधित किंवा संलग्न विषय' चालेल असं म्हटलंय, पण जाहिरातीत नुसतं 'इंग्रजी' छापलेलं असतं आणि छाननीला बसलेला माणूस तेवढंच वाचतो. गेल्या वर्षी एक मुलगी फाइल छातीशी धरून माझ्याकडे आली होती. अर्जावर लाल पेनाने 'विषय भिन्न' एवढे दोनच शब्द. म्हणून अर्ज भरण्याआधी तुमचा विषय चालेल का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या. फोनवरच्या 'हो, चालेल ना'ला काही अर्थ नाही. ज्यांचं एम.ए. इंग्रजीत आहे त्यांनी नेटही इंग्रजी याच विषयात द्यावी. त्यातल्या दहा घटकांपैकी भाषा आणि अध्यापनाचे जेमतेम दोन, बाकी बहुतेक साहित्य आणि समीक्षा. ईएलटीवाल्यांनी (इंग्रजी अध्यापन शिकलेल्यांनी) नाटक-कविता वाचायला काढाव्यात, इलाज नाही.

दुसरा खड्डा नवा आहे. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात, आणि तिसरा फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी. त्यात नाव आलं की घरात पेढे वाटले जातात, पण त्यावर प्राध्यापकपदाला अर्ज करता येत नाही. शिवाय ते गुण वर्षभरच चालतात. निकालपत्रावर 'सहायक प्राध्यापक' हे शब्द आहेत का, ते डोळ्यांनी पाहा.

नॉन-क्रिमिलेअर दाखल्याचे नमुने दोन. नेटला केंद्राची ओबीसी यादी, तर महाराष्ट्र-गोव्याच्या सेटला, जी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्राच्या उमेदवारांसाठी राज्याची. भटक्या-विमुक्तांची जात केंद्राच्या यादीत आहे का, ते आधी तपासा. नेटच्या अर्जात एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे रकानेच नाहीत. दाखला अर्जाच्या शेवटच्या दिवशी चालू हवा. 'तहसीलमध्ये टाकलाय, येईल' हे कोणी ऐकत नाही.

आणि तो कागद, जो कोणाकडेच नसतो: ११ जुलै २००९ पूर्वी पीएच.डी.ची नोंदणी केलेल्यांना नेट-सेटमधून सूट आहे, पण पाच अटी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नियमित पद्धतीने पदवी, किमान दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, दोन शोधनिबंध, दोन परिषदांतलं सादरीकरण. खाली सही कुलसचिवांची किंवा अधिष्ठात्यांची. मार्गदर्शकांची सही घेऊन लोक येतात आणि परत जातात. विद्यापीठात हे लगेच हातात पडत नाही, जाहिरातीची वाट न पाहता आजच अर्ज टाका.

ग्रेड असेल तर टक्क्यांत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. बाकी फोटो, सही, शुल्क नेहमीचंच.